येळवशीचे पाहुणे

भाकरी थापण्याचा आवाज एकदम थांबला, तेव्हाच दयानंदला कळलं की आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलं आहे.

चाकूरपासून थोडं आत, सडकेला लागून पत्र्याचं एक लांब शेड आहे. रोज सकाळी तिथं चुलींच्या दोन रांगा पेटतात आणि बायकांच्या हातांची थपथप सडकेपर्यंत ऐकू येते. ज्वारीच्या भाकरी, वरण, एक पातळ भाजी, एक कोरडी भाजी आणि ठेचा असं सगळं डब्यांत भरून टेंपो लातूरला जातो. शिकवणी वर्गांसाठी परजिल्ह्यांतून आलेली, खोल्या करून राहणारी मुलं तिथं या डब्यांची वाट बघत असतात. हा धंदा दीपमालाचा. दयानंद तिचा नवरा. टेंपो, फोन आणि वेळापत्रक एवढी त्याची खाती.

त्या सकाळी तो फोन कानाला लावूनच शेडमध्ये शिरला होता आणि फोन ठेवताच त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "झालं बरं का! बार्शी रोडच्या मोठ्या वसतिगृहानं ट्रायलला बोलावलं. दुपारचं एक जेवण द्यायचं. पसंत पडलं तर बारा महिन्यांचा करार. पुढच्या अमावस्येची तारीख पक्की करून टाकली म्या."

थपथप थांबली ती इथं.

"कोनती अमावस्या मनला, जावईबापू?" गुणाबाईनं विचारलं. दीपमाला याच गावची लेक, म्हणून सगळं गाव दयानंदला जावईबापू म्हणतं. कधी मानानं, कधी नुसती फिरकी घ्यायला.

"ही येणारी."

"अय्यो," सिद्धम्मा म्हणाली. ती उदगीरकडची, बोलता बोलता कानडीवर जायची. "ती येळवस की हो!"

दयानंदचा चेहरा कोराच राहिला. एक जण पदरात तोंड घालून हसली. "जावईबापू, तुमच्या हिमायतनगरात येळवस न्हाई का?"

"ऐकून हाय ना. शेतात जेवण असतंय. मग सकाळी डबे पाठवू, दुपारी जाऊ की शेतात. कामून एवढं घाबरून राहिले सगळे?"

आता बऱ्याच जणी हसल्या. गुणाबाई मात्र हसली नाही. परातीतला पिठाचा गोळा तिनं तसाच ठेवला आणि ती दीपमालाकडं बघू लागली. दीपमालाही तिच्याकडंच बघत होती. त्या दोघींच्या बघण्यात काय होतं हे दयानंदला तेव्हा उमगलं नाही. तो या गावात राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं.

वेळ अमावस्या, लोकांच्या बोलण्यातली येळवस, हा या भागातला असा दिवस आहे की त्या दिवशी गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची खोप करायची, आत पूजा मांडायची, शेतात ज्वारी-ताकाची आंबट अंबील शिंपायची, आणि मग डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, वाफवलेले पिठाचे उंडे, अंबील, पोळ्या यांचं जेवण. लातूरसारख्या शहरातही दुकानं बंद असतात, रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. मूळ हिमायतनगरच्या दयानंदचं आयुष्य गेलं नांदेडला, एका ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या बुकिंगच्या टेबलावर. तिथं अमावस्येचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी ड्रायव्हर लोक गाडी काढायला कुरकुर करतात. कॅलेंडरावरच्या त्या काळ्या ठिपक्याला त्यानं याहून जास्त किंमत कधी दिली नव्हती.

दीपमाला लातूरला बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन नांदेडला गेली. संसाराला हातभार म्हणून ट्रान्स्पोर्टच्या ड्रायव्हर लोकांना ती डबे द्यायची. लांबच्या फेरीला निघालेला माणूस डबा उघडल्यावर आधी भाकरीला बोट लावून बघतो, भाजीचं नंतर, हे तिनं तिथं पाहिलं. पुढं वडील वारले, आई एकटी पडली, म्हणून ती गावी परतली. तिची मावसबहीण पुनम तेव्हा लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. एकदा ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, इथं सगळं मिळतंय, भाकरी तेवढी मिळत नाही गं." दुसऱ्या दिवशी दीपमाला सकाळच्या एस.टी.नं भाकरी घेऊन गेली. पुनमच्या खोलीतल्या मुलींनी त्या खाल्ल्या. मग शेजारच्या खोलीतल्यांनी मागितल्या. धंद्याचा उगम एवढाच.

एकटीच्यानं होईना, तेव्हा ती गुणाबाईकडं गेली. गुणाबाईची भाकरी गावात नावाजलेली. गुणाबाईनं मजुरी किती हे विचारलंच नाही. ती म्हणाली, "मी डाळ मिलमधी होते तव्हा कितीक येळवशी दुसऱ्याच्या दारात गेल्या माय. सगळे शेतात जेवायलेत आन् मी तिथं डाळ निवडायले. तुझ्याकडं येते. पण येळवशीला चूल पेटणार न्हाई. बाकी वर्षभर कव्हा बी हाक मार."

दीपमालानं शब्द दिला. पुढं ज्या ज्या बायका आल्या त्यांना गुणाबाईनं आधी हाच नियम सांगितला. शेडची बाकीची घडी नंतर बसत गेली, पण पहिली वीट ही होती.

दयानंदची ट्रान्स्पोर्ट कंपनी बंद पडली आणि तो इकडं आला, तेव्हा त्याला ही घडी बघून नवल वाटत राहिलं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर तो भरणाऱ्या बाईचं नाव असायचं. मुलं ओळखू लागली होती, "आज सिद्धम्माचा डबा आलाय, ठेचा जपून खा." बुद्धप्रिया कामाला आली तेव्हा गावातले काही जण म्हणाले, तिचं नाव झाकणावर कशाला? दीपमाला एवढंच म्हणाली, "मग कुणाचंच नाव नको आणि कुणाचीच भाकरी नको." दुसऱ्या दिवशी बुद्धप्रियाच्या नावाचे डबे इतरांच्या डब्यांबरोबर टेंपोत चढले. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

प्रत्येक चुलीला आळीपाळीनं येणाऱ्या दोघींची जोडी होती. एकदा सिद्धम्माचं पोरगं आजारी पडलं आणि ती दोन दिवस आली नाही. दयानंदला हे समजलं ती परत आल्यावर, कारण एकही डबा चुकला नव्हता. ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात मालक दिवसभर फोनवर ओरडायचा आणि तरीही माल भलत्याच गावाला उतरायचा. इथं कुणाचा आवाज चढत नव्हता. ही बाई हे सगळं चालवते कशी, असा प्रश्न त्याला आपल्याच बायकोबद्दल पडायचा, आणि विचारायचा संकोच वाटायचा.

एक अडचण मात्र दीपमालालाही सुटत नव्हती. उन्हाळ्यात परीक्षा झाल्या की खोल्या रिकाम्या व्हायच्या, चुली थंड पडायच्या. बायका दुसरीकडं मजुरीला जायच्या आणि त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. वसतिगृह बारा महिने चालणारं होतं. ते मिळालं तर एकाही बाईला कुठं जावं लागणार नव्हतं. म्हणून तर दयानंदनं एवढ्या घाईनं हो म्हटलं होतं.

त्या सकाळी त्यानं तारीख बदलून मागायला लगेच पुन्हा फोन लावला. वसतिगृहाचे व्यवस्थापक रविकांत घोलप नाशिककडचे, लातूरला नुकतेच बदलून आलेले. ते शांतपणे म्हणाले, "पुण्याहून आमचे वरचे लोक त्याच दिवशी येतायत. बाकीच्या दोघा डबेवाल्यांच्या ट्रायल आधी आहेत. तुम्हाला जमत नसेल तर नाव काढतो, राग नाही."

दुपारी डबे गेल्यावर तो दीपमालाला म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. दुप्पट हजेरी देऊ."

"आणि पुढच्या येळवशीला?"

"पुढचं पुढं बघू."

"अहो, यातल्या एकीनं तरी मला कागद मागितला का, करार कुठाय म्हणून? माझ्या शब्दावर आल्या सगळ्या." ती भांडी उपडी घालत होती. "त्यांच्यासाठीच वसतिगृह पाहिजे ना? मग त्यांनाच मोडून कसं घ्यायचं?"

दयानंद तिला एकेक भांडं उचलून देऊ लागला. त्याला राग तिचा येत नव्हता, स्वतःचा येत होता.

"उद्या मला लातूरला न्या," ती म्हणाली. "फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही."

रविकांत साहेबांच्या ऑफिसात ती दोन मिनिटांत मुद्द्यावर आली. "त्या दिवशी आमच्या बायका शेतात असतात. मी त्यांना शब्द दिलाय. आमचं नाव काढा."

साहेबांनी जरा आश्चर्यानं बघितलं. "ठीक आहे. प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "साहेब, त्या दिवशी पोरांच्या जेवणाचं काय केलंय?"

"करार होईपर्यंत आमचं स्वयंपाकघर आहे की."

"आचारी कुठले तुमचे?"

"औश्याचे."

"मग विचारून घ्या एकदा."

साहेबांनी बेल वाजवून आचाऱ्याला बोलावलं. तो हात पुसत आला आणि प्रश्न ऐकून त्याचाच गोंधळ उडाला. "येळवशीला कसं येऊ साहेब? मी मागंच सांगितलं होतं. तुम्ही 'बघू' म्हणाला. बसचे ड्रायव्हर बी न्हाई येणार."

"हॉटेलातून मागवू," साहेब म्हणाले.

आचारी आणि दयानंद एकमेकांकडं बघू लागले. दयानंदला आता सगळं ठाऊक झालं होतं. तो मोठ्या जाणकारासारखा म्हणाला, "बंद असतंय हो सगळं. लातूरमधी त्या दिवशी कोणी घावत न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जिल्ह्यातली मुलं घरी जाणार होती. पण यवतमाळ, परभणी, नांदेडकडची मुलं वसतिगृहातच राहणार होती, आणि वरचे लोक नेमके तेव्हाच येणार होते.

"ती पोरं आमच्याकडं जेवायला पाठवा," दीपमाला म्हणाली. "शेतात."

"म्हणजे ट्रायल तिथं देणार?"

"ट्रायल नाही साहेब. पाहुणे म्हणून. याचं बिल नाही, आणि हे जेवण तुम्ही आमच्या खात्यावर धरायचंही नाही. आमचं नाव काढलेलंच राहू द्या."

परतताना दयानंदनं टेंपो लातूरबाहेर काढला. शेवटी न राहवून म्हणाला, "तू बायकांना विचारलंस?"

"विचारते की आता."

"म्हणजे विचारलं नाहीस! आन् तिथं एवढ्या पोरांना बोलावून बसलीस?"

ती हसली. "त्यांनी नाही म्हटलं तर आपल्या शेतात बसवू सगळ्यांना. आई, तुम्ही आणि मी. भज्जी ढवळायला येते ना?"

शेडमध्ये तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. नाव काढून घेतल्याचंही सांगितलं. बायका ऐकत राहिल्या. गुणाबाई पुढं आली.

"ट्रायल म्हणून मनली असतीस तर मी आले नसते. येळवशीला परीक्षा कोनी देत न्हाई. पाव्हणे मनलीस, मग इचारायलीस कशाला? पाव्हण्याला कोनी न्हाई मनतं का?"

"माझ्या रानात बसवा थोडे," एक म्हणाली. "आमच्याकडं बी," दुसरी म्हणाली.

बुद्धप्रिया म्हणाली, "आम्ही पूजा मांडत न्हाई, पण शेतात जेवतो सगळे. भज्जी लई उरती दरसाली. पाठवा आमच्याकडं."

"आन् गाड्या?" सिद्धम्मानं विचारलं. "चालवणार कोन, जावईबापू?"

आता दयानंदची पाळी होती. तो बाहेर गेला आणि त्यानं नांदेडला भुजंगला फोन लावला. भुजंग त्याच्या जुन्या कंपनीचा ड्रायव्हर, हिमायतनगरचाच. त्याच्या घरी येळवस नव्हती.

"अमावस्येला गाडी काढाय लावून राहिला का रे, दया?"

"जेवण हाय."

"काय हाय जेवणात?"

दयानंदनं ऐकीव माहितीवर सगळे पदार्थ सांगितले. भुजंगनं एकेक नाव पुन्हा विचारून घेतलं. "बरं. निंबू-मिरची म्या आणतो. आणखी दोघं घेऊन येतो. तू जेवणाकडं बघ."

येळवशीच्या दिवशी वसतिगृहाच्या बस घेऊन ते लातूरहून निघाले, तेव्हा दयानंद पुढच्या बसमध्ये भुजंगच्या शेजारी बसला होता. एरवी जिथं गाडीला गाडी लागलेली असते तिथं एक कुत्रं निवांत रस्ता ओलांडत होतं. "दंगल झाली का काय इथं?" भुजंग म्हणाला. गाव संपलं आणि रान सुरू झालं, तशी त्यानं स्वतःच गाडी हळू केली. जिथवर नजर जाईल तिथवर, कणसाला आलेल्या ज्वारीत, हरभऱ्यात, तुरीच्या कडेनं माणसं होती. खोपींवर रंगीत शाली होत्या, झाडांना झोके होते. बस बघून अनोळखी माणसं हात वर करून बोलावत होती, "या, जेवून जा!" मागच्या सीटवरची मुलं खिडक्यांतून बाहेर लोंबायला लागली.

शेडपाशी बस थांबल्या. शेडला कुलूप होतं. बाहेर बायका उभ्या होत्या, नव्या लुगड्यांत, पोरंबाळं घेऊन. दयानंद मनात धास्तावला. कोण कुणाकडं जाणार हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्यानं खिशातून शिट्टीसुद्धा काढली होती. ती वाजवायची वेळच आली नाही. "चल रे, तू लई वाळलास, माझ्याकडं ये," असं म्हणत एकेकीनं मुलांना हाताला धरलं. काहींनी शिकवणीतल्या मित्रांकडून झाकणावरची नावं ऐकलेली होती, तीच नावं विचारत ती मुलं निघाली. बघता बघता बस रिकाम्या झाल्या आणि शेतांकडं जाणाऱ्या पांदीच्या वाटा मुलांनी भरून गेल्या.

तो दुपारभर या रानातून त्या रानात फिरला. कुठं अंबिलीचं मडकं लवंडून ओतलं जात होतं, कुठं सिद्धम्मा एका मुलाला म्हणत होती, "ठेचा नको म्हणतोस? मग माझ्या रानात आलास कशाला?" बुद्धप्रियाच्या शेतात एक मुलगी जेवता जेवता रडू लागली होती. आईची आठवण आली म्हणाली. बुद्धप्रियाच्या सासूनं तिला काही समजावलं नाही, नुसती पाठीवर हात ठेवून बसली आणि आणखी एक पोळी वाढली. दयानंद प्रत्येक ठिकाणी विचारत होता, काही लागतंय का? कुठंच काही लागत नव्हतं. एवढं मोठं काम आणि कुणी कुणाला हुकूम सोडत नव्हतं. शेडमध्ये रोज सकाळी जे दिसायचं, तेच इथं रानभर पसरलं होतं. तो बांधावर उभा राहून ते बघत राहिला.

पुण्याहून आलेल्या तिघांना रविकांत साहेब गुणाबाईच्या शेतात घेऊन आले होते. त्यातल्या एका बाईंनी गुणाबाईला विचारलं, "इथं सुपरवायझर कोण आहे?"

"कशाचा?"

"म्हणजे हे सगळं बघतं कोण?"

गुणाबाईला प्रश्नच कळला नाही. "तुमाला काय कमी पडलं का? थांबा, भज्जी आणते."

निघताना रविकांत साहेबांनी दीपमालाला बाजूला बोलावलं. दयानंद जवळच होता. "वरचे लोक खूश आहेत. ट्रायलची गरज नाही म्हणाले. करार करून टाकू."

दयानंदचं मन एकदम हलकं झालं. दीपमाला मात्र मान हलवत होती.

"नको साहेब. आज तुम्ही पाहुणे होता. पाहुण्याला वाढताना कुणाचा हात आखडतो? ट्रायल साध्या दिवशी घ्या. सोमवारी घ्या. पोरं कंटाळलेली असतात, भाजी तीच ती असते. तेव्हा आवडलं तर बोलू. आणि सुरुवातीला अर्धंच वसतिगृह द्या. सगळं एकदम घेतलं तर भाकरी बिघडेल."

साहेबांनी सोमवार डायरीत लिहून घेतला. दयानंदला ते पटेना. हातात आलेलं असं कोण परत देतं? घरी जाताना तो तेच बोलणार होता. पण बायको पुढं चालत होती, पदराला हरभऱ्याचे हिरवे घाटे बांधून, सोलून खात. तिच्या चालण्यात कसलीच काळजी नव्हती. त्यानं हात पुढं करून थोडे घाटे मागून घेतले.

सोमवार उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. दयानंद कुलूप काढायला नेहमीपेक्षा लवकर गेला, तर शेड आधीच उघडं होतं आणि आत उजेड होता. जोडीतल्या दोघी दोघी, सगळ्याच आल्या होत्या. ज्यांची पाळी नव्हती त्याही.

"आज एवढ्यांचं काय काम?" तो म्हणाला.

"येळवशीला तिनं आमच्यासाठी चूल बंद ठेवली, जावईबापू," गुणाबाई म्हणाली. "आज आमी तिच्यासाठी लवकर पेटवायलो. तुमी टेंपो बघा. मागचं चाक बसायलंय."

चाक खरंच बसलं होतं.

जेवणात मेथी, वरण, भाकरी, कांदा, ठेचा. रोजचंच. संध्याकाळी डबे परत आले तेव्हा दीपमाला ते स्वतः उघडून बघत होती, भाकरीचा तुकडा कुणी ठेवलाय का. काहींनी ठेवला होता. सिद्धम्माच्या डब्यांत जास्तच होता. "मीठ कमी पडलं माझ्या हातून," ती म्हणाली. कुणी तिला बोललं नाही. साहेबांचा फोन दोन दिवसांनी आला. अर्धं वसतिगृह, पुढच्या महिन्यापासून, उन्हाळा धरून. करारात त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली होती, की वेळ अमावस्येला भोजन नाही, मुलं शेतात जातील.

दयानंदनं ही बातमी शेडमध्ये सांगितली. या वेळी मात्र आधी दीपमालाच्या कानात सांगून मगच. थपथप थांबली, बायकांनी एकच गलका केला, आणि थोड्याच वेळात हात पुन्हा चालू झाले, कारण टेंपोची वेळ झाली होती.

तो टेंपोत बसत होता तेवढ्यात भुजंगचा फोन आला.

"दया, पुढची अमावस्या कव्हा हाय रे? गाडी काढायची का?"

"सगळ्या अमावस्येला न्हाई रे बाबा," दयानंद हसत म्हणाला. "येळवस एकच असती. वर्षभर थांबावं लागतंय."